गव्हाचा कणही न लागू देता दिवाळीची नानकटाई: ज्वारीच्या पिठाची सविस्तर कृती

कोल्हापूर-सांगलीकडच्या अनेक घरांत दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात तूप, पिठीसाखर आणि मैदा घेऊन बेकरीच्या भट्टीवर जायचे, तिथेच नानकटाई भाजून घ्यायची आणि गरम डबा मांडीवर धरून घरी परतायचे, अशी पद्धत होती आणि काही ठिकाणी ती आजही आहे. आमच्या घरीही तसेच होते. माझ्या भाचीला सहाव्या वर्षी सिलिअॅक आजाराचे निदान झाले, तेव्हा त्या वर्षीच्या दिवाळीत आम्ही ज्वारीचे पीठ घरी मळले, गोळे वळले आणि नेहमीप्रमाणे भट्टीवर पाठवले. भट्टीवाल्यांनी मोठ्या आपुलकीने आमच्यासाठी पत्रा पुसूनही दिला. तरीही लक्ष्मीपूजनाचा संपूर्ण दिवस ती पोट धरून अंथरुणात होती. पीठ ज्वारीचेच होते, पण ज्या पत्र्यावर वर्षानुवर्षे मैदा भाजला गेला, त्याच्या दुमडलेल्या कडेत साचलेली पांढरी भुकटी फडक्याने निघत नाही आणि ज्या खोलीत दिवसभर मैदा चाळला जातो, तिथल्या हवेतही तो असतो. त्यानंतर आम्ही नानकटाई घरीच भाजू लागलो. पुढे दिलेली कृती अनेक दिवाळ्यांमध्ये थोडी थोडी बदलत आजच्या रूपाला आली आहे.

सिलिअॅक म्हणजे साधे अपचन नव्हे. गहू, सातू म्हणजेच जव आणि राय (मोहरी नव्हे, इंग्रजीत rye म्हणतात ते धान्य) या धान्यांतील ग्लूटेन नावाचे प्रथिन पोटात गेले की शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते. म्हणून इथे 'थोडेसे चालेल' असे काही नसते. रवा, मैदा, कणीक, शेवया आणि दलिया हे सगळे गव्हाचेच आणि हल्ली पौष्टिक म्हणून नावाजला जाणारा खपली गहू हाही गहूच, त्यामुळे तोही वर्ज्य. आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगणे आवश्यक वाटते. घरात कोणाला हा आजार असल्याची शंका असेल, तर डॉक्टरांची तपासणी पूर्ण होण्याआधी गहू बंद करू नये, कारण गहू बंद केल्यावर केलेली रक्ततपासणी खोटा दिलासा देऊ शकते.

नानकटाईच का?

गव्हाच्या पिठात पाणी घालून मळले की त्यातील ग्लायाडिन आणि ग्लुटेनिन ही दोन प्रथिने एकत्र येऊन लवचीक जाळे तयार करतात, तेच ग्लूटेन. पोळी फुगते, पाव उभा राहतो, शंकरपाळ्यांची पोळी न फाटता लाटता येते, ती या जाळ्यामुळे. नानकटाईची गोष्ट नेमकी उलटी आहे. नानकटाई करणारा मुळात हे जाळे तयार होऊ देत नाही. तो पाणी घालत नाही, पीठ रगडत नाही आणि भरपूर तुपाने पिठाचा प्रत्येक कण वेगळा ठेवतो, तेव्हाच ती तोंडात विरघळते. गव्हाचा जो गुण पोळीला हवा असतो, तोच नानकटाईला नको असतो. म्हणून बिनगव्हाचा केक किंवा पाव करण्यापेक्षा बिनगव्हाची नानकटाई करणे कितीतरी सोपे आहे आणि ज्याला या प्रकारच्या भाजण्याची सवय नाही त्याने सुरुवात इथूनच करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

मैदा मात्र दोन गोष्टी देतो, ज्या आपल्याला वेगळ्या मार्गाने मिळवाव्या लागतात. पहिली म्हणजे त्याचा अतिशय बारीक कण आणि दुसरी म्हणजे भाजल्यावर नानकटाई एकसंध राहील एवढी माफक पकड. ज्वारीचे पीठ बारीक नसेल तर नानकटाई दाताखाली कचकचते आणि पकड नसेल तर डब्यातून काढताना तिचा चुरा होतो. पुढची सगळी कृती या दोन अडचणींवरचा उपाय आहे.

ज्वारी, दळण आणि चाळणी

ज्वारी शक्यतो शाळू घ्यावी. रब्बीची ही ज्वारी पांढरीशुभ्र, टपोरी आणि चवीला गोडसर असते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे आणि सोलापूरकडची मालदांडी सर्वत्र मिळते, त्यांपैकी कोणतीही चालेल. पावसाळी ज्वारी काळपट पडलेली असेल तर नानकटाईला मळकट रंग आणि किंचित कडवट चव येते, म्हणून ती भाकरीलाच ठेवावी.

ज्वारी मोठ्या परातीत पसरून दिवसाच्या उजेडात निवडावी. ज्वारीचा दाणा गोल आणि मोत्यासारखा असतो, तर गव्हाचा लांबट, तांबूस आणि पोटावर चीर असलेला, त्यामुळे तो लगेच ओळखू येतो. एक किलो ज्वारीत गव्हाचे चार-पाच दाणे मला अनेकदा सापडले आहेत. पोती, मापे आणि दुकानातले फावडे सगळ्या धान्यांना एकच असते, त्यामुळे त्यात नवल नाही. निवडलेली ज्वारी दोन पाण्यांनी धुऊन, स्वच्छ कापडावर पसरून कडकडीत वाळवावी.

दळण हा या कृतीतील सर्वांत नाजूक टप्पा आहे आणि बहुतेक घरांत चूक इथेच होते. कोपऱ्यावरच्या गिरणीत दिवसभर गहू दळला जातो. दोन पाट्यांच्या मध्ये, पीठ पडण्याच्या तोंडाशी आणि खालच्या कापडी पिशवीत गव्हाचे पीठ साचलेले असते. आपली ज्वारी दळताना तेच पीठ आधी बाहेर येते आणि आपल्या डब्यात पडते. गिरणीवाल्यांना सांगून आधी थोडी ज्वारी दळून ती बाजूला काढण्याची पद्धत आहे. ज्यांना गहू फक्त जड जातो त्यांना तेवढे पुरेल, पण सिलिअॅकच्या रुग्णासाठी ती पुरेशी नाही. अशा घरात जिच्यात कधीच गहू दळला जाणार नाही अशी घरघंटी असावी. ती नसेल तर मिक्सरच्या स्वतंत्र भांड्यात थोडी थोडी ज्वारी दळून चाळावी. हे कष्टाचे आहे, पण एका घाण्याला लागणारे दीडशे ग्रॅम पीठ अर्ध्या तासात होते. विकतचे पीठ घ्यायचे असल्यास पाकिटावर ग्लूटेनमुक्त असल्याचा स्पष्ट उल्लेख पाहावा. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांनुसार असा उल्लेख करण्यासाठी एका किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन असून चालत नाही. नुसते 'शंभर टक्के ज्वारी' लिहिलेले असणे म्हणजे ही खात्री नव्हे.

पीठ ताजे हवे. भाकरी करणाऱ्यांना माहीत असते की जुन्या पिठाची विरी जाते आणि भाकरी थापताना कडेने तुटते. नानकटाईतही तेच घडते, शिवाय जुन्या पिठाचा खवट वास तुपात अधिकच उठून दिसतो. म्हणून दळल्यापासून आठ-दहा दिवसांच्या आतले पीठ वापरावे आणि ते मैद्यासाठी वापरतात तशा सर्वांत बारीक जाळीच्या चाळणीने दोनदा चाळावे. चाळणी नवीन असावी. ज्या चाळणीतून वर्षभर कणीक चाळली, तिच्या जाळीत आणि कडेच्या पट्टीत कणीक राहतेच. ती धुऊन वापरण्यापेक्षा नवी घेणे शहाणपणाचे ठरते. लाकडी पोळपाट, लाटणे आणि लाकडी चमचे यांनाही हाच नियम लावावा, कारण लाकडाच्या बारीक भेगांतून पीठ काढता येत नाही.

साहित्य आणि त्यामागची कारणे

साधारण २० ते २२ नानकटायांसाठी ज्वारीचे चाळलेले पीठ १५० ग्रॅम, बेसन ४० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर ३० ग्रॅम, थिजलेले साजूक तूप १२० ग्रॅम, पिठीसाखर १०० ग्रॅम, बेकिंग पावडर अर्धा छोटा चमचा, इसबगोल अर्धा छोटा चमचा, दूध एक मोठा चमचा, वेलचीपूड अर्धा छोटा चमचा, किसलेले जायफळ आणि मीठ प्रत्येकी चिमूटभर, तसेच वरून लावायला पिस्त्याचे किंवा बदामाचे काप घ्यावेत. शक्य असेल तर वाटीऐवजी वजनकाटा वापरावा. ज्वारीचे पीठ वाटीत दाबून भरले की हलक्या हाताने भरले, यावर बराच फरक पडतो आणि तुपाचे प्रमाण त्यामुळे चुकते.

बेसनामुळे रंग, खमंगपणा आणि थोडी पकड येते, पण तेही घरच्या घंटीवर दळलेले किंवा खात्रीच्या पाकिटातले असावे. कॉर्नफ्लोअर, म्हणजे मक्याचे पांढरे सत्त्व, ज्वारीच्या कणांमधील जागा भरून काढते आणि नानकटाई कचकचीत न होता मऊसूत खुसखुशीत होते. बेकिंग पावडरमध्ये भर म्हणून कोणता तरी स्टार्च घातलेला असतो. तो बहुधा मक्याचा असतो, तरी पाकिटावरील घटकांची यादी वाचूनच घ्यावी. गहू किंवा ग्लूटेनयुक्त धान्य असल्यास तसे लिहिणे उत्पादकांना बंधनकारक आहे.

इसबगोलविषयी थोडे अधिक सांगायला हवे. पोट साफ होण्यासाठी अनेक घरांच्या औषधांच्या कपाटात हा भुसा असतो, परंतु बिनगव्हाच्या भाजण्यात तो ग्लूटेनच्या जागी काम करतो. दुधात भिजवला की तो पाच मिनिटांत बुळबुळीत घट्ट होतो आणि पिठाचे सुटे कण एकमेकांशी बांधून ठेवतो. तो साधा असावा, संत्र्याच्या किंवा दुसऱ्या कोणत्याही स्वादाचा नको. अर्ध्या चमच्यापेक्षा जास्तही नको, नाहीतर नानकटाई चिवट होते.

तुपाच्या बाबतीत एक साधी गोष्ट सहज नजरेतून सुटते. जेवणाच्या टेबलावरची तुपाची बरणी घेऊ नये. पोळीला तूप लावून चमचा परत त्याच बरणीत जातो आणि तुपाच्या पांढऱ्या पृष्ठभागावर पोळीचे तपकिरी कण व कणकेचा पुसट थर नीट पाहिल्यास दिसतो. नानकटाईसाठी नवी बरणी उघडावी किंवा घरी कढवलेले तूप थेट स्वच्छ भांड्यात गाळून ठेवावे. तूप रवाळ आणि थिजलेले हवे. वितळवून घेतलेल्या तुपाची नानकटाई पसरते.

कृती

प्रथम ज्वारीचे पीठ आणि बेसन एकत्र करून जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर सहा-सात मिनिटे परतावे. रंग बदलू द्यायचा नाही, फक्त ज्वारीचा कच्चट वास जाऊन भाकरी शेकताना येतो तसा वास येऊ लागला की कढई उतरवावी. हे पीठ ताटात पसरून पूर्ण गार होऊ द्यावे. कोमट पिठात तूप घातले तर ते वितळेल आणि पुढची सगळी मेहनत वाया जाईल. गार झाल्यावर त्यात कॉर्नफ्लोअर, बेकिंग पावडर, वेलची, जायफळ आणि मीठ घालून सर्व एकदा पुन्हा चाळून घ्यावे. दुसऱ्या वाटीत दूध आणि इसबगोल एकत्र करून ठेवावे.

स्टीलच्या परातीत तूप घेऊन तळहाताने फेसायला सुरुवात करावी. दोन-तीन मिनिटांत ते मऊ होते, मग पिठीसाखर दोन हप्त्यांत घालून आणखी सात-आठ मिनिटे फेसावे. पिवळसर तूप हळूहळू पांढरे पडते, फुलते आणि हाताला हलके लागू लागते. या फेसण्याने तुपात हवा भरली जाते आणि ग्लूटेनचा आधार नसलेल्या पिठात हलकेपणा मुख्यतः या हवेनेच येतो, त्यामुळे हे काम घाईने उरकू नये. उन्हाळी हवेत तूप परातीतच पाघळू लागले तर परात दहा मिनिटे फ्रिजमध्ये ठेवावी आणि मग पुन्हा सुरू करावे.

फेसलेल्या तुपात आधी इसबगोलचे घट्ट झालेले दूध मिसळावे आणि मग पीठ तीन हप्त्यांत घालून बोटांच्या टोकांनी गोळा करत आणावे. गव्हाच्या पिठात फार हात लावला तर नानकटाई कडक होते ही भीती इथे नाही, उलट ज्वारीचे हे पीठ गोळा होईपर्यंत तळव्याने हलके दाबत राहावे लागते. पीठ सुरुवातीला भुरभुरीत वाटते. त्या वेळी आणखी दूध घालण्याचा मोह होतो, तो आवरावा. परात झाकून अर्धा तास ठेवली की ज्वारी आणि इसबगोल दोन्ही ओलावा शोषून घेतात आणि पीठ आपोआप वळण्याजोगे होते. अर्ध्या तासानंतरही गोळा मुठीत दाबल्यावर फुटत असेल, तरच एक छोटा चमचा दूध घालावे.

वीस ग्रॅमचे, म्हणजे मोठ्या सुपारीपेक्षा थोडे मोठे गोळे वळावेत. तळव्यांमध्ये फिरवताना भेगा पडल्या तर किंचित दाब देऊन त्या मिटवाव्यात, कारण गोळ्यावर आधीच असलेली भेग भाजताना आरपार जाते. गोळा हलकासा चपटा करून मध्यभागी पिस्त्याचे काप दाबून बसवावेत. ट्रेवर बेकिंगचा कागद घालून दोन गोळ्यांत दोन बोटांचे अंतर ठेवावे. कागद इथे केवळ सोयीसाठी नाही. ट्रेवर पूर्वी मैद्याची बिस्किटे भाजली असतील तर तो आवश्यकच आहे. असा ट्रे घासून घेतल्यावरही कागद घालावा. भरलेला ट्रे वीस मिनिटे फ्रिजमध्ये ठेवावा.

ओव्हन १६० अंशांवर दहा मिनिटे आधी तापवून घ्यावा. पूर्ण घाणा आत घालण्यापूर्वी एकच नानकटाई भाजून पाहावी, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. प्रत्येक ज्वारी आणि प्रत्येक तूप वेगळे असते आणि एका गोळ्यावरून पुढच्या एकवीस गोळ्यांचे काय होणार ते कळते. ती पसरली तर उरलेल्या पिठात एक-दोन मोठे चमचे ज्वारीचे पीठ मिसळावे. ती जशीच्या तशी उभी राहिली आणि वर एकही भेग पडली नाही तर एक छोटा चमचा तूप वाढवावे.

मधल्या कप्प्यात १८ ते २२ मिनिटे भाजावे. वरची बाजू सोनेरी होण्याची वाट पाहू नये. ज्वारी मैद्यापेक्षा उशिरा रंग धरते आणि वरून रंग येईपर्यंत खालची बाजू करपते. वर नाजूक भेगा दिसल्या, कडा कोरड्या झाल्या, तळ फिकट बदामी झाला आणि स्वयंपाकघरात तुपाचा व वेलचीचा वास भरला की ओव्हन बंद करावा. नानकटाई त्या वेळी बोटाला मऊच लागते आणि कच्ची राहिली की काय असे वाटते. तशीच ट्रेवर ठेवून ती वीस मिनिटे गार होऊ द्यावी. गरम असताना उचललेली ज्वारीची नानकटाई हातातच मोडते. ग्लूटेनची पकड नसल्यामुळे तिला उभे राहण्याचे बळ तूप पुन्हा थिजल्यावरच मिळते.

ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत किंवा कुकरमध्येही ती उत्तम होते. कुकरची शिट्टी आणि रबर काढून ठेवावे, तळाशी वाटीभर जाड मीठ पसरावे, त्यावर लहान स्टँड ठेवून मध्यम आचेवर दहा मिनिटे कुकर तापवावा आणि मग कागद घातलेल्या ताटलीत पाच-सहा गोळे मांडून मंद आचेवर २० ते २५ मिनिटे झाकून भाजावे. या पद्धतीत वरून उष्णता कमी मिळते, त्यामुळे नानकटाई वरून पांढरीच राहते, पण चवीला ती तसूभरही कमी नसते.

पिठात बदल करायचा असल्यास

ज्वारीतील ५० ग्रॅम पीठ काढून तेवढेच नाचणीचे पीठ घातले तर रंग चॉकलेटी होतो आणि मुलांना तो आवडतो. पूर्ण नाचणीची नानकटाई मात्र जड आणि कोरडी होते. कोकणातून आलेले काजूचे तुकडे घरात असतील तर ३० ग्रॅम काजूपूड बेसनातील तेवढ्याच पिठाऐवजी घालून पाहावी, नानकटाई अधिक मऊ होते. तांदळाचे पीठ जास्त घातल्यास ती दगडासारखी कडक होते, म्हणून मी ते टाळते. बाजारातले ओट्स गव्हासोबत हाताळले जातात आणि सिलिअॅकच्या काही रुग्णांना शुद्ध ओट्सही सोसत नाहीत, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नयेत.

भाजल्यानंतर

गार झालेल्या नानकटाया स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात कागद घालून एका थरावर दुसरा थर असे रचाव्यात. बारा ते पंधरा दिवस त्या उत्तम राहतात आणि दुसऱ्या दिवशी चव पहिल्या दिवसापेक्षा चांगली लागते, कारण वेलची आणि तूप तोवर मुरलेले असते. या डब्याला वेगळ्या रंगाची पट्टी लावून तो फराळाच्या इतर डब्यांच्या वरच्या फळीवर ठेवावा. खालच्या फळीवर ठेवला तर वरच्या डब्यातून शंकरपाळ्यांचा चुरा झाकणावर पडतो आणि झाकण उघडताना आत जातो. फराळाचे ताट भरतानाही हा डबा सर्वांत आधी, कोरड्या व स्वच्छ हाताने उघडावा. करंजी उचललेल्या हाताने तो उघडू नये. पाहुण्यांना हे मोकळेपणाने सांगावे, त्यात संकोच बाळगू नये.

थोडे गोळे न भाजता राखून ठेवणेही सोयीचे पडते. वळलेले गोळे ताटलीत सुटे सुटे गोठवून घ्यावेत आणि मग डब्यात भरून फ्रीजरमध्ये ठेवावेत, ते महिनाभर टिकतात. आमच्याकडे असे सहा गोळे भाऊबीजेच्या सकाळसाठी ठेवलेले असतात, म्हणजे ओवाळणीच्या ताटात भाचीच्या वाट्याची नानकटाईही त्याच दिवशीची ताजी असते. फ्रीजरमधून काढलेले गोळे वितळू न देता तसेच ओव्हनमध्ये घालावेत आणि नेहमीपेक्षा तीन मिनिटे अधिक भाजावेत.